झांबिया: आधी महिना ठरवा, मग जंगल

झांबियाची सहल आखताना बहुतेक जण आधी उद्यान निवडतात, मग कॅम्प, मग विमानाची तिकिटं, आणि सगळ्यात शेवटी मुलांच्या सुट्ट्या बघून महिना. हा क्रम उलटा करायला हवा. ऑक्टोबरमध्ये ज्या वाळूच्या पात्रातून हत्तींचा कळप चालत पलीकडे जातो, तिथेच फेब्रुवारीत दोन माणूस खोल पाणी असतं आणि किनाऱ्यावरचा कॅम्प जागेवर नसतो. नसतो म्हणजे बंद नाही, पाऊस यायच्या आधी मोडून गोदामात ठेवलेला असतो. महिना चुकला तर बाकी सगळी आखणी कितीही चोख असो, पैसे वाया.

झांबियाला समुद्र नाही. काँगो (किन्शासा), टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे, बोत्स्वाना, नामिबिया आणि अंगोला अशा आठ देशांच्या मधोमध तो बसला आहे. क्षेत्रफळ ७,५२,६१८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास अडीचपट, आणि लोकसंख्या अवघी दोन कोटींच्या घरात. ब्रिटिशांच्या काळातलं नाव उत्तर ऱ्होडेशिया. २४ ऑक्टोबर १९६४ ला स्वातंत्र्य मिळालं. पहिले अध्यक्ष केनेथ काउंडा गांधीजींना मानणारे होते. सरकारी भाषा इंग्रजी असल्याने बोलण्याची अडचण येत नाही. लुसाकात आणि पूर्वेकडे न्यांजा चालते. 'मुली ब्वांजी' (कसे आहात) आणि 'झिकोमो' (आभारी आहे) एवढं आलं तरी समोरचा खुलतो.

देशाचा बराचसा भाग हजार ते तेराशे मीटर उंचीचं पठार आहे, म्हणून राजधानी लुसाकाची हवा विषुववृत्ताच्या मानाने सुखद असते. प्राणी मात्र पठारावर थोडे आणि नद्यांच्या खोलगट खोऱ्यांत जास्त. लुआंग्वा आणि झांबेझी यांची खोरी पठारापेक्षा कितीतरी खाली आहेत, त्यामुळे तिथला उन्हाळाही वेगळाच. लुसाकाचं तापमान बघून बॅग भरणारा ऑक्टोबरात लुआंग्वात भाजून निघतो.

वर्षाचे तीन तुकडे

पावसाळा नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. मे ते ऑगस्ट कोरडी थंडी. सप्टेंबर आणि ऑक्टोबर कोरडा उन्हाळा, आणि ऑक्टोबरच्या शेवटी खोऱ्यात पारा चाळिशीला टेकतो.

लुआंग्वा खोऱ्यातली बरीच जमीन काळी कापसाची माती आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको: पहिल्या जोरदार सरीनंतर तिच्यात गाडी घातली की चाक फिरतं पण गाडी जात नाही, आणि वाळल्यावर तिच्यात हातभर भेगा पडतात. म्हणून नदीकाठचे छोटे 'बुश कॅम्प' साधारण मेअखेर-जूनमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद होतात. गवत, बांबू आणि लाकूड यांचे हे कॅम्प दर वर्षी नव्याने उभे राहतात. बारमाही चालतात ती पक्क्या रस्त्याजवळची मोठी लॉज.

जूनच्या सुरुवातीला गवत उंच असतं आणि पाणी जागोजागी साचलेलं, त्यामुळे प्राणी पांगलेले. दर पंधरवड्याला डबकी आटत जातात, गवत झडतं, आणि ऑगस्टपर्यंत सगळी जनावरं नदीच्या आणि उरलेल्या तळ्यांच्या भोवती गोळा होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात तर एकेका डोहात शेकडो पाणघोडे दाटीवाटीने बसलेले दिसतात. निव्वळ प्राणी बघायचे तर ऑक्टोबरला तोड नाही, पण दुपारी बारा ते तीन तंबूत पंख्याशिवाय काढायची तयारी हवी. साठीच्या पुढच्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा काळ घ्या. बोचरी थंडी सरलेली असते, ऊन अजून चढलेलं नसतं.

थंडीला मात्र हसू नका. जून-जुलैत पहाटे लुआंग्वात दहा अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि उघड्या गाडीत वारा लागला की ते आणखी खाली गेल्यासारखं वाटतं. काफुए उद्यानाच्या उत्तरेकडच्या बुसांगा मैदानात तर त्याहूनही गार. लोकरी टोपी, हातमोजे आणि एकावर एक काढता येतील असे तीन थर लागतात. दहा वाजता त्यातला शेवटचाच अंगावर राहतो.

आता धबधब्याचा गुंता. झांबियाला जाणारा प्रत्येक जण मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे व्हिक्टोरिया धबधबा, यादीत धरतोच. रुंदी १,७०८ मीटर, उंची जास्तीत जास्त १०८ मीटर, १९८९ पासून जागतिक वारसा. पण त्याचं वेळापत्रक जंगलाच्या नेमकं उलट चालतं. पाऊस मार्चमध्ये ओसरतो, तरी धबधब्याला सगळ्यात मोठं पाणी एप्रिलच्या सुमारास येतं, कारण ते वरच्या अंगाला शेकडो किलोमीटरवर पडलेलं असतं आणि वाटेत बारोत्से पूरमैदानात रेंगाळून मग खाली पोचतं. तेव्हा तुषार इतके उडतात की समोर उभं राहून धबधबा दिसत नाही, फक्त ऐकू येतो आणि कपडे भिजतात. उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूला बऱ्याच भागात नुसता काळा कडा उरतो. नदीचा तळ झिंबाब्वेच्या बाजूला जास्त खोल आहे, त्यामुळे उरलंसुरलं पाणी तिकडून पडतं. त्या दिवसांत धबधबा बघायचा तर पूल ओलांडून झिंबाब्वेत जाणं बरं.

दोन्ही बऱ्यापैकी साधायचं तर जून-अखेर ते जुलै. पाणी भरपूर पण दिसण्याजोगं, जंगलात कॅम्प सुरू झालेले.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्यांचा हिशेब असा बसतो. मे महिना: धबधबा दणदणीत, हवा उत्तम, पण बरेचसे बुश कॅम्प बंद आणि गवत डोक्याइतकं. लॉजमध्ये राहून गाडीतून फिरणं जमेल, पायी फिरणं बहुधा नाही. जूनचा पहिला पंधरवडा: त्याहून बराच चांगला. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली तर प्राण्यांची चंगळ, उष्णता प्रचंड, झांबियाच्या बाजूचा धबधबा क्षीण. नोव्हेंबरच्या मध्यावर आली तर लुआंग्वाचे बुश कॅम्प विसरा आणि खाली सांगितलेल्या कासांकाचा विचार करा. नाताळची सुट्टी म्हणजे भर पावसाळा. हिरवाई, पिल्लं, स्थलांतरित पक्षी आणि बरेच कमी दर. पक्षीनिरीक्षकाला हा काळ आवडेल. सिंह-बिबट्यांसाठी पहिल्यांदा जाणाऱ्याने टाळावा.

कुठली उद्यानं

पहिल्या खेपेला दोनच घ्या. तीन घेतलीत तर एकेका ठिकाणी दोन रात्री पडतात आणि निम्मी सकाळ छोट्या विमानांची वाट बघण्यात जाते. एका जागी किमान तीन रात्री, शक्यतो चार.

साउथ लुआंग्वा हे मुख्य. ९,०५० चौरस किलोमीटर, प्रवेश म्फुवे गावाकडून, लुसाकाहून विमानाने साधारण सव्वा तास. लुआंग्वा नदीवर मोठं धरण नाही, म्हणून ती दर पावसाळ्यात काठ खाते, वळण बदलते आणि जुनं पात्र मागे टाकून जाते. त्या टाकून दिलेल्या वळणांची नालाच्या आकाराची तळी होतात, आणि सगळी प्राणिसंपत्ती त्यांच्याभोवती जमते. ही जागा बिबट्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे बिबट्या दिसला तर बहुतेकदा पाठमोरा, झुडपात शिरताना. इथे रात्रीच्या फेरीत तो गाडीला न जुमानता शिकार शोधत फिरताना दिसू शकतो. थॉर्निक्रॉफ्ट जिराफ जगात फक्त याच खोऱ्यात आहे. इथल्या क्रॉशे झेब्र्याच्या काळ्या पट्ट्यांमध्ये दक्षिणेकडच्या झेब्र्यासारखे फिकट तपकिरी पट्टे नसतात, फोटोत लगेच कळतं. ऑगस्टअखेरपासून किरमिजी वेडे राघू नदीच्या उभ्या मातीच्या काठात हजारोंनी बिळं करतात. गेंडा मात्र इथे नाही. झांबियातले काळे गेंडे चोरट्या शिकारीने संपले होते. २००३ पासून ते शेजारच्या नॉर्थ लुआंग्वात पुन्हा आणून सोडले. कुणी साउथ लुआंग्वात 'बिग फाइव्ह' (सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा) विकत असेल तर त्याला जागा माहीत नाही.

सॉसेज झाडाखाली थांबायची संधी मिळाली तर गाइडला घाई करू नका. कोरड्या उन्हाळ्यात त्याची गडद लाल, मांसल फुलं रात्रीतून गळतात, सकाळी इम्पाला हरणं ती खायला येतात, आणि हे बिबट्यालाही ठाऊक असतं. फांदीवरून लोंबणारी शेपटी शोधायची ती इथे. खोऱ्यात चिंच आणि गोरखचिंचही भरपूर. गोरखचिंचेच्या बुंध्याची साल हत्तींनी सोललेली दिसते.

लोअर झांबेझी हे जोडीला घेण्याजोगं दुसरं. ४,०९२ चौरस किलोमीटर, नदीपलीकडे झिंबाब्वेचं माना पूल्स. इथली खासियत होडीतली फेरी. मोटरबोटीतून हत्तींच्या जवळ जाता येतं आणि डोंगीतून, म्हणजे कनूतून, त्याहूनही जवळ. कनूत धोका मगरीपेक्षा पाणघोड्याचा. पाणघोडा घाबरला की खोल पाण्याकडे धावतो, म्हणून गाइड होडी उथळ काठाने नेतो आणि पाणघोडा व खोल पाणी यांच्या मधे कधीच येत नाही. पुढे डोह दिसला की तो वल्हं होडीच्या कडेवर आपटत जातो, म्हणजे पाण्याखालचा प्राणी वर येऊन आपली जागा दाखवतो. गाइडने हे केलं नाही तर विचारा. काठावरची विंटरथॉर्न झाडं पावसाळ्यात निष्पर्ण आणि कोरड्या ऋतूत हिरवी असतात; त्यांच्या शेंगांसाठी हत्ती मागच्या पायांवर उभे राहिल्याचे फोटो बघितले असतील. जिराफ इथे नाही.

काफुए प्रचंड आहे, सुमारे २२,४०० चौरस किलोमीटर, आणि लुसाकाहून गाडीने चारेक तासांत त्याच्या सीमेवर पोचता येतं. त्याचं मोल उत्तरेकडच्या बुसांगा मैदानात. पुराचं पाणी ओसरल्यावर जून-जुलैत ते उघडतं. रेड लेचवे हरणांचे कळप, सिंह, चित्ते, पहाटेचं धुकं. बाकीच्या काफुएत प्राणी विरळ आणि त्सेत्से माश्या दाट, हे सांगितलेलं बरं.

कासांका छोटं आहे आणि वर्षभरात जेमतेम दोन महिन्यांपुरतं. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत तिथल्या दलदलीतल्या लहानशा रानात पिवळसर फळवटवाघळं येऊन लटकतात, एक कोटीच्या आसपास असा अंदाज सांगतात. संध्याकाळी ती एकदम उडाली की अर्धा तास आभाळ मोकळं दिसत नाही. झाडावर बांधलेल्या मचाणाची जागा आधी राखावी लागते. जवळच्या बांग्वेउलू दलदलीत शूबिल पक्षी आणि काळं लेचवे. पश्चिमेच्या टोकाला लिउवा मैदानात नोव्हेंबरात विल्डबीस्टचं मोठं स्थलांतर. तिन्ही ठिकाणं सुंदर, पोचायला कष्टाची, दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

पायी सफारी

झांबियाला खास यायचं ते यासाठी. वन्यजीव रक्षक नॉर्मन कार यांनी १९५० मध्ये स्थानिक प्रमुख न्सेफू यांच्याशी बोलून लुआंग्वात पाहुण्यांसाठी कॅम्प काढला, उत्पन्न गावाकडे जाईल अशा बोलीवर, आणि पुढच्या दशकात बंदूक फक्त संरक्षणापुरती ठेवून पाहुण्यांना पायी फिरवायला सुरुवात केली. आज त्या खोऱ्यात हे एक काटेकोर शास्त्र झालं आहे.

सकाळी सहाच्या सुमारास निघतात, साडेनऊ-दहापर्यंत परत. पुढे वन्यजीव खात्याचा बंदूकधारी स्काउट, त्याच्या मागे गाइड, मग पाहुणे, आणि शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस. एका रांगेत, एकमेकांपासून दोन पावलांवर. पाहुणे जास्तीत जास्त सात-आठ. बारा वर्षांखालच्या मुलांना सहसा घेत नाहीत. काही कॅम्प वयाची अट त्याहून वर ठेवतात, तेव्हा मुलं बरोबर असतील तर बुकिंगपूर्वी विचारा. अंतर पाच-सात किलोमीटर, सपाट जमीन. दम लागण्याचा प्रश्न नाही, पण वाळलेल्या चिखलात हत्ती-पाणघोड्यांच्या पावलांचे खड्डे दगडासारखे कडक झालेले असतात आणि घोटा तिथे मुरगळतो. घोट्यापर्यंतचे, आधी वापरून मऊ केलेले बूट घाला.

गाइडच्या हातात राखेची छोटी पिशवी असते. ती झटकली की वारा कुठून येतोय ते कळतं. सगळी वाट वाऱ्यावर ठरते. हत्तीची नजर अधू, नाक तीक्ष्ण. वारा आपल्याकडून त्याच्याकडे जात असेल तर गाइड शंभर मीटर आधीच वळसा घेतो, आणि पाहुण्यांना वाटतं उगाच लांबून नेतोय. सिंह समोर आला तर जागच्या जागी उभं राहायचं, पाठ फिरवायची नाही, पळायचं तर मुळीच नाही. हत्ती किंवा रानम्हैस असेल तर गाइड सांगेल त्या झाडामागे. प्रत्येक प्राण्याला वेगळं उत्तर असतं, म्हणून सुरुवातीची पाच मिनिटांची सूचना कान देऊन ऐका. कॅमेरा नीट करायची ती वेळ नव्हे.

एक अपेक्षा आधीच दुरुस्त करायला हवी. पायी फिरताना सिंह-बिबटे गाडीतल्यापेक्षा कमी आणि लांबून दिसतात. गाडीला प्राणी सरावलेले असतात, दोन पायांवरच्या माणसाला नाहीत. पायी काय मिळतं? ठसे, विष्ठा, वाळवीची वारुळं, रात्री कोण कुठून गेलं याचा वृत्तान्त. चार रात्रींत दोन सकाळी पायी आणि बाकी गाडीने, हे प्रमाण बहुतेकांना मानवतं.

कपडे खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे. पांढरा लांबून चमकतो. काळा आणि गडद निळा त्सेत्सेला बोलावतो. जीन्स घरी ठेवा. काही भागांत ज्याला बफेलो बीन म्हणतात ती वेल म्हणजे आपली खाजकुइली. शेंगेची कुसं उडून मानेवर बसली की काय होतं हे सह्याद्रीत फिरलेल्यांना ठाऊक आहे. कॉलर असलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट म्हणूनही हवा.

ताडोबा-पेंचची सवय असलेल्यांना आणखी एक गोष्ट नवी वाटेल: इथे रात्रीची फेरी उद्यानाच्या आतच, अधिकृतपणे, प्रकाशझोत लावून होते. साधारण आठपर्यंत बाहेर पडावं लागतं. साळिंदर, जेनेट (मांजरासारखा ठिपकेदार निशाचर), तरस, कधी सिंहाची शिकार. हरणांच्या डोळ्यांवर झोत धरून ठेवणारा गाइड चांगला नव्हे, कारण आंधळं झालेलं हरीण शिकाऱ्याच्या तोंडी जातं. जाणता माणूस झोत लगेच बाजूला घेतो.

कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून जेवणाच्या जागी जायचं ते पहारेकऱ्याबरोबरच. पाणघोडे रात्री चरायला कॅम्पमधूनच जातात. तंबूत फळं, विशेषतः संत्री आणि आंबे, ठेवू नका. हत्तीला तो वास दुरून येतो आणि कापडी भिंत ही त्याच्या दृष्टीने अडचण नाही. दिवसा हेच काम माकडं करतात. चिवडा-लाडवांचे डबे कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या.

तब्येत

लुआंग्वा आणि झांबेझी खोऱ्यांत मलेरिया वर्षभर आहे आणि तो फॅल्सिपेरम, म्हणजे जीव घेऊ शकणारा. 'आम्ही भारतातलेच, आम्हाला काही होत नाही' हा समज धोक्याचा आहे. क्लोरोक्विन तिथे उपयोगाचं नाही. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घेतात. डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर चार आठवडे चालू ठेवावी लागते आणि तिच्यामुळे त्वचेला ऊन जास्त लागतं. तुमच्यासाठी कुठलं, हे डॉक्टर ठरवतील. परतल्यावर काही आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांनीही, ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य 'आफ्रिकेतून आलोय' हे असू द्या. नाहीतर पावसाळ्याच्या दिवसांत डेंग्यूच्या तपासणीत महत्त्वाचे दोन दिवस जातात.

त्सेत्से घोडमाशीच्या आकाराची, चावा कपड्यातूनही घेते, आणि मच्छरांच्या मलमाला फारशी भीक घालत नाही. ती हलत्या गाडीच्या मागे लागते. गाइड गाडीच्या मागे डब्यात हत्तीचं शेण जाळून धूर करतात, तो बऱ्यापैकी चालतो. झाडांना टांगलेले निळे-काळे कापडी चौकोन हे तिच्यासाठीचे सापळे. त्यांना हात लावू नका. तिच्यामुळे होणारा निद्रारोग पर्यटकांत दुर्मीळ, पण लुआंग्वात अजिबात नाही असं नाही. चाव्याच्या जागी मोठी वेदनादायक गाठ आणि ताप आला तर लगेच दाखवा.

पीतज्वराची लस मार्गावर अवलंबून आहे. मुंबईहून जाणारे सोयीचे मार्ग अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातात, आणि इथिओपिया व केनिया हे दोन्ही पीतज्वराच्या यादीतले देश. तिथे मुक्काम किंवा लांब थांबा असेल तर झांबियात शिरताना प्रमाणपत्र मागू शकतात. परतताना भारतातले अधिकारी जास्त कडक: प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, मुंबईत पोर्ट आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे. आधी वेळ घ्या, पासपोर्ट न्या, प्रवासाच्या महिनाभर आधी उरका.

औषधांच्या पिशवीत एक सापळा असतो. डायफेनहायड्रामिन झांबियात नियंत्रित औषधांच्या यादीत आहे आणि ते आपल्याकडच्या खोकल्याच्या नेहमीच्या औषधांत सापडतं. कोडीनचंही तसंच. बाटलीवरचे घटक वाचा, ही दोन असतील तर घरी ठेवा. बाकीची औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह.

जाणं, फिरणं, पैसे

मुंबईहून लुसाकाला थेट विमान नाही. अदिस अबाबा, नैरोबी किंवा दुबईमार्गे जातात. वेळ भारतापेक्षा साडेतीन तास मागे. व्हिसाचे नियम बऱ्याचदा बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी झांबियाच्या इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर भारतीय पासपोर्टची नोंद वाचा. ई-व्हिसाचा अर्जही तिथेच. नेहमी होणारी चूक म्हणजे एकदाच प्रवेशाचा व्हिसा काढून धबधब्यासाठी झिंबाब्वेत जाणं. परत येताना नवा व्हिसा लागतो. दोन्ही देशांसाठी काझा युनिव्हिसा ५० डॉलरला मिळतो, ३० दिवस चालतो आणि काझुंगुलामार्गे बोत्स्वानातल्या चोबे उद्यानाची एका दिवसाची फेरीही त्यात बसते. तो कोणत्या देशांच्या नागरिकांना द्यायचा याची वेगळी यादी असते, तीही बघा. काझुंगुलाला झांबेझीवर २०२१ पासून पूल आहे. तराफ्याची जुनी वर्णनं वाचून वेळ राखून ठेवू नका.

जंगलातल्या धावपट्ट्यांवर जाणारी विमानं बारा आसनांची किंवा त्याहून लहान. सामान बहुधा १५ किलो, कॅमेरा धरून, आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग त्या विमानाच्या पोटात वळतच नाही आणि लुसाकाला ठेवून जावी लागते. कपडे तीन जोडच पुरतात, कॅम्पमध्ये रोज धुऊन देतात. अंतर्वस्त्रं काही ठिकाणी धूत नाहीत, साबण ठेवा. दुर्बीण ८ × ४२ ची, माणशी एक. पतीपत्नीत एक दुर्बीण म्हणजे भांडण.

स्वतः गाडी चालवायची तर आपल्यासारखंच डावीकडून. लुसाका ते धबधब्याजवळचं लिव्हिंगस्टन साधारण पावणेपाचशे किलोमीटर, सहा-सात तास. म्फुवे चिपाटामार्गे सातशेच्या घरात, एका दिवसात ओढू नये. गाडीत दोन त्रिकोणी फलक, पुढे पांढऱ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या लागतात. पोलीस नाक्यावर तेच तपासतात. काही नाक्यांवर त्सेत्सेसाठी जाळी घेऊन गाडीभोवती फिरतात, औषध फवारतात. अंधार पडल्यावर गाडी चालवू नये, कारण दिवे नसलेले मालट्रक, सायकली आणि गुरं रस्त्यावर असतात. पूल, विमानतळ, लष्करी ठाणी यांचे फोटो नकोत.

खर्च जास्त आहे हे लपवण्यात अर्थ नाही. बुश कॅम्प माणशी, रात्रीला ५०० ते १,००० डॉलर आणि वरही. त्यात जेवण, फेऱ्या, बहुधा उद्यान शुल्कही. इतका दर असण्याचं कारण म्हणजे दहा-बारा पाहुण्यांसाठी पाच महिने चालणारा कॅम्प, आणि भाजीपासून डिझेलपर्यंत सगळं बाहेरून. स्वस्त वाट आहे: म्फुवेला उद्यानाच्या दारापाशी नदीकाठी तंबू लावायच्या जागा आहेत, तिथे राहून एकेक फेरी वेगळी विकत घ्यायची. त्याच नदीत तेच पाणघोडे. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या. जुन्या मालिकेच्या किंवा शाई लागलेल्या परत देतात. रोजच्या खर्चाला क्वाचा, म्हणजे तिथलं चलन.

जेवणाचं शेवटी. मक्याच्या पिठाचा घट्ट न्शिमा आणि तोंडी लावायला काहीतरी, हे तिथलं अन्न. शाकाहाऱ्यांनी इफिसाशी मागावी: शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी. चिकांडा हा ऑर्किडच्या कंदाचा आणि शेंगदाण्याचा वडीसारखा पदार्थही शाकाहारी. भाजीवर कापेंटा, म्हणजे सुकवलेले बारीक मासे, पसरण्याची पद्धत आहे, तेव्हा 'मीट नको' एवढं सांगणं पुरत नाही. मासे, कोंबडी आणि अंडी यांची नावं घेऊन सांगा. लुसाका आणि लिव्हिंगस्टनला गुजराती मंडळी जुनी आहेत, डाळ-तांदूळ मिळतो. जंगलातल्या कॅम्पचा शिधा मात्र आठवड्या-पंधरवड्याने येतो. शाकाहार, जैन जेवण किंवा कांदा-लसूण नको असेल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा, आणि निघायच्या दोन आठवडे आधी पुन्हा एकदा. पोचल्यावर सांगितलं तर आचारी मनापासून प्रयत्न करतो, पण चार दिवस उकडलेला बटाटाच येतो.